बंदुकीचा परवाना आणि गावाचा दाखला

अत्याचाराची मोठी घटना घडली की आपल्या मोर्चांमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते. पोलीस आमचं रक्षण करू शकत नसतील तर आम्हाला बंदुकीचे परवाने द्या! टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी म्हणतात, बघा, यांना आता कायदा हातात घ्यायचाय. मागणी करणाऱ्याला आणि तिच्यावर चिडणाऱ्याला, दोघांनाही बहुतेक वेळा एक गोष्ट ठाऊक नसते. ही मागणी भारत सरकारने १९९५ सालीच कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवलेली आहे.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम आले ३१ मार्च १९९५ रोजी. त्यातला तिसरा नियम अत्याचार होऊ नये म्हणून राज्य सरकारने आधीच काय करायचं ते सांगतो. अत्याचार होण्याची शक्यता असलेली गावं शोधा. त्या भागातल्या, अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करा, त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकरचाकर, घरोब्याचे मित्र यांचेसुद्धा, आणि ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्या. बेकायदा शस्त्रं जप्त करा. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांच्या जिवाच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी त्यांना शस्त्रपरवाने द्या.

फक्त परवाने रद्द करण्याच्या आणि परवाने देण्याच्या कलमांना दोन शब्द चिकटवलेले आहेत: "आवश्यक वाटल्यास". कोणाला वाटल्यास? ज्याच्या हातात परवान्याची फाईल आहे त्याला. माझं म्हणणं असं की बंदुकीच्या कायद्याचा आपल्याकडचा सगळा इतिहास हा या "वाटण्या"चा इतिहास आहे. बंदूक कोणाकडे असावी हे ठरवताना सरकारने माणसाच्या हातून काय घडलंय हे कमी पाहिलं, तो कोण आहे हे जास्त पाहिलं.

हा इतिहास आमच्या नगर जिल्ह्याच्या उंबऱ्यावरूनच सुरू करता येतो.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी मुलूख निःशस्त्र करायला घेतला. नगर-नाशिकच्या सीमेवर, सिन्नरकडच्या नांदूर शिंगोटे गावात भागोजी नाईक नावाचा भिल्ल पुढारी होता. हा माणूस आधी नगरच्या पोलिसातच अधिकारी होता. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपांवर त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. तोही त्याने पाळला. वर्ष संपल्यानंतर थोड्याच दिवसांत सरसकट निःशस्त्रीकरणाचा हुकूम आला आणि भागोजी गाव सोडून डोंगरात गेला, माणसं जमवली. ऑक्टोबर १८५७ मध्ये त्याला धरायला आलेला नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्या चकमकीत मारला गेला. पुढे दोन वर्षं हे बंड चाललं आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातच भागोजी लढता लढता पडला.

भागोजीच्या शौर्यावर भाषणं होतात, व्हायलाच हवीत. पण मला या गोष्टीतला तो कागद महत्त्वाचा वाटतो: शिक्षा भोगून झाली, जामिनाचं वर्ष भरून झालं, तरी सरकारच्या दप्तरात माणूस "तसला"च राहिला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच गोष्ट अख्ख्या जमातींना लावली. हा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे यांची पार्श्वभूमी तपासायची गरजच उरली नाही, जन्म हीच पार्श्वभूमी झाली.

मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने दोन कायदे आणले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची तोंडं बांधणारा आणि दुसरा शस्त्रांचा. दुसऱ्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरवला, पण सगळ्यांसाठी नाही. युरोपीय, अँग्लो-इंडियन, संस्थानिक, सरकारने पदव्या देऊन गौरवलेले मानकरी अशांना सूट होती. वंशाच्या नावावर दिलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून गेली, दरबारी मंडळींची बरीचशी राहिली. म्हणजे या शस्त्र-कायद्याने एक यादी केली: विश्वासू आणि अविश्वासू. ती यादी गोऱ्यांनी केली खरी, पण गावपातळीवर ती भरून द्यायला त्यांच्याकडे आयती व्यवस्था होती. वतनदार पाटील-देशमुख आधीच होते. गावाची राखण करणाऱ्या, सरकारी खजिना पोचवणाऱ्या महाराच्या हातात काठी होती. बंदूक वाड्यात होती.

महाराच्या हातात बंदूक आली ती पलटणीत. १ जानेवारी १८१८ ची भीमा कोरेगावची लढाई आणि तिथल्या विजयस्तंभावरची 'नाक' प्रत्ययाची नावं वाचकांना सांगायला नकोत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करातच होते. सैन्यातल्या नोकरीने शाळा दिली, पेन्शन दिली, गावाबाहेरचं जग दिलं. आणि १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी "लढाऊ जाती"चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्यांनी सत्तर-ऐंशी वर्षं बंदूक चालवली, ते एका हुकुमाने बंदुकीला अपात्र झाले! याविरुद्ध निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली: आम्हाला लष्करात घ्या, पोलिसात घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी झाली, युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

लक्षात घ्या, या पन्नास वर्षांत आपल्या माणसांनी कुठेही "घरात ठेवायला बंदूक द्या" असं मागितलेलं नाही. त्यांनी राज्याच्या शस्त्रधारी यंत्रणेत जागा मागितली.

याच काळात काँग्रेसची मागणी वेगळी होती. १९२८ चा नेहरू अहवाल आणि १९३१ चा कराची ठराव, दोन्हींत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला होता. खुद्द गांधींनी १९३० च्या सुरुवातीला व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याची मागणी आहे. अहिंसेच्या पुजाऱ्याची ही मागणी पाठ्यपुस्तकात सापडत नाही, तो भाग सोडा. परकीय सरकारने राष्ट्राला निःशस्त्र केलं ही त्यांची तक्रार खरीच होती. पण राष्ट्र म्हणजे गाव नव्हे. राष्ट्राच्या हाती शस्त्र आलं तर गावात ते कोणाच्या हाती येणार, हा प्रश्न त्या ठरावांत नाही.

तो प्रश्न बाबासाहेबांनी विचारला, आणि इथे त्यांच्या दोन भूमिका एकत्र वाचाव्या लागतात. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' ग्रंथात ते विचारतात की भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही. त्यांचं उत्तर असं: चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र, विद्या आणि संपत्ती तिन्ही नाकारलं, नांगर धरणाऱ्याला नांगराच्या फाळाची तलवार करूच दिली नाही, म्हणून बंड होऊ शकलं नाही. आणि डिसेंबर १९४८ मध्ये, संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा तिला विरोध करणारे बाबासाहेबच होते. कोणीही उठावं आणि बाजारात जाऊन हवं ते शस्त्र विकत घ्यावं अशी मोकळीक दिली तर राज्य चालणार कसं, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती पडली. आज संविधानाच्या कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

काही विद्वान यात विसंगती पाहतात. मला ती दिसत नाही. १९३६ चा मुद्दा शस्त्राच्या मक्तेदारीचा आहे, १९४८ चा मुद्दा शस्त्राच्या बाजाराचा. विषम समाजात शस्त्र खुल्या बाजारात सोडलं तर ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि नात्यातला फौजदार आहे त्याच्याकडे ते आधी जातं. मक्तेदारी मोडायचा मार्ग बाजारातून जात नाही, तो राज्यातून जातो. आणि राज्य मात्र आपलं असायला हवं. बौद्ध म्हणून आणखी एक सांगतो: तथागतांनी उपासकासाठी जे पाच व्यापार निषिद्ध सांगितले त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. स्वसंरक्षण निषिद्ध सांगितलेलं नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये आला. परवाना जिल्हाधिकारी देतात, मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त. अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याकडून अहवाल मागवायचा. अर्जदार २१ वर्षांचा हवा. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल तर सुटकेनंतर पाच वर्षं परवाना नाही. मानसिक संतुलन ठीक हवं, आणि २०१६ च्या नियमांनंतर त्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. प्रत्येक परवानाधारकाचा क्रमांक राष्ट्रीय नोंदीत चढतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

या कायद्याचं एक कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावं असं आहे. कलम १४ चं दुसरं पोटकलम म्हणतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. १८७८ च्या मानकऱ्यांच्या यादीला दिलेलं हे उत्तर आहे. बहात्तर-बाहत्तर एकराच्या मालकाला आणि भूमिहीनाला कायदा एका ओळीत उभा करतो.

कागदावर. कारण त्याच कायद्याचं कलम १३ पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक द्यायला सांगतं, आणि पीक त्याचं ज्याची जमीन. १ जून २०१७ ला आमच्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि गावाचं नाव देशभर गेलं. तेव्हाही मी म्हणत होतो की संपावर जायला आधी सातबारा लागतो. गोदाकाठच्या उसात आता बिबटे झालेत आणि वस्तीवर बंदुका द्या अशी मागणी बागायतदार करतात. बिबट्याला मारणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हा भाग वेगळा. पण उसाच्या फडाला लागून पालात निजणाऱ्या ऊसतोड मजुराच्या पोरासाठी परवाना कोणी मागितल्याचं ऐकलंय का?

आता पार्श्वभूमीच्या तपासणीकडे या. हा सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि तो कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही, ठाण्यात दिसतो.

समजा गावात भांडण झालं. जयंतीच्या मिरवणुकीवरून, गायरानावरून, विहिरीवरून, कारण काहीही घ्या. आपला माणूस ॲट्रॉसिटीची फिर्याद देतो. दुसऱ्या दिवशी समोरून उलट फिर्याद येते, बऱ्याचदा दरोड्याची, कारण पाच-सहा पोरं होती. मग शांतता राखण्याच्या नावाखाली पोलीस दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस करतात. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १०७ होतं, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १२६ आहे. तहसीलदारापुढे उभं राहून शांतता राखण्याचा बंधपत्र लिहून द्यायचा. आणि शस्त्र अधिनियमाचं कलम ९ म्हणतं की असा बंधपत्र लिहून द्यावा लागलेल्या माणसाला त्या मुदतीत शस्त्र घेता येत नाही.

भागोजी नाईकाचा जामीन आठवा.

मुदत संपते, कायद्याची अडचण संपते. ठाण्याच्या रजिस्टरातली नोंद मात्र संपत नाही. परवान्याचा अर्ज आला की अहवालात येतं: यापूर्वी प्रतिबंधक कारवाई झालेली आहे, गुन्हा न्यायप्रविष्ट आहे, परवाना दिल्यास सार्वजनिक शांततेस बाधा येण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुन्हा कलम १४, सार्वजनिक शांतता. ज्या घटनेमुळे त्याच्या जिवाला धोका आहे हे सिद्ध होतं, तीच घटना त्याच्या चारित्र्यावरचा डाग ठरते. स्थानिक चौकशी म्हणजे पोलीस पाटील आणि गावातल्या चार प्रतिष्ठितांचे जबाब. हे चार प्रतिष्ठित कोण असतात हे वेगळं सांगायला नको. ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये रस्त्यावर उतरलेल्या पोरांचं हेच झालं. बंदूक राहू द्या, कंपनीत सिक्युरिटी गार्ड लागायलाही चारित्र्य पडताळणी लागते, आणि त्या कागदासाठी माझ्याकडे येणाऱ्या पोरांची गोष्ट दरवेळी एकाच तारखेपाशी अडकते.

उलट बाजूला काय होतं ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर त्या जिल्ह्यात बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं. कित्येक परवानाधारकांवर गुन्हे दाखल होते. आरडाओरडा झाला तेव्हा शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. म्हणजे तपासणीची पद्धत तीच, अर्ज तोच, ठाणं तेच. एकाच्या अहवालात गुन्हा दिसतो आणि दुसऱ्याच्या अहवालात तोच गुन्हा दिसत नाही. कुठे कुठे तर नुसता जन्म पुरतो: कर्नाटकातल्या कोडवा समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, ती केंद्र सरकारने २०२९ पर्यंत वाढवून दिली आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत शस्त्राचा हक्क संविधानात आहे. तरीही १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यानंतर मार्टिन ल्युथर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला, तेव्हा स्थानिक अधिकाऱ्यांनी तो नाकारला. अधिकाऱ्याला "योग्य वाटलं" तरच परवाना, अशी तिथली तरतूद होती. १९६७ मध्ये ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेले आणि त्याच वर्षी गव्हर्नर रेगन यांनी भरलेली बंदूक उघड्यावर बाळगायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. तोवर गोऱ्यांच्या हातातल्या बंदुकीने कोणाची शांतता बिघडली नव्हती. ज्या पँथरवरून आपण १९७२ मध्ये नाव घेतलं, त्यांच्या या अनुभवाची चर्चा आपल्याकडे फार झाली नाही.

मग आपणही परवान्यांसाठी रांग लावायची का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. सोनई, जानेवारी २०१३. खर्डा, एप्रिल २०१४. शिर्डी, मे २०१५, बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून. या तिन्ही ठिकाणी आपली पोरं मारली गेली आणि कुठेही बंदूक वापरली गेली नाही. संख्येने जास्त माणसांनी, हाताला येईल त्याने मारलं. पोराच्या खिशात पिस्तूल असतं तर तो वाचला असता असं म्हणणारा माणूस गावात राहिलेला नाही. पिस्तुलाची किंमत, काडतुसांचा खर्च, नूतनीकरणाचे हेलपाटे शेतमजुराला परवडणारे नाहीत. आणि आपल्या घरातून एक गोळी सुटली की पुढची वीस वर्षं अख्खी वस्ती कोर्टात. गावठी कट्ट्याचं तर नावच नको, त्यात पकडली जाणारी पोरं गरिबांचीच असतात आणि ज्यांच्यासाठी ते बाळगतात ती नावं फिर्यादीत येत नाहीत.

परवान्याच्या बंदुकीचं गावातलं खरं काम गोळी झाडणं हे नसतंच. ग्रामसभेत कमरेला लावून बसणं, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं, साक्षीदाराच्या घरावरून गाडी हळू नेणं, एवढ्यात तिचं काम होतं. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. तिथे बंदूक होती असं मी म्हणत नाही. पण साक्षीदार एवढा एकटा आणि समोरचे एवढे निर्धास्त का असतात याचा विचार करताना गावातली सगळी ताकद मोजावी लागते, परवान्यासकट. म्हणून मला तिसऱ्या नियमातलं परवाने देण्याचं कलम दुय्यम वाटतं, परवाने काढून घेण्याचं कलम मुख्य वाटतं. आपल्या हातात बंदूक येण्यापेक्षा समोरची बंदूक शस्त्रागारात जाणं आपल्या वस्तीला जास्त सुरक्षित करतं. आणि ते बाबासाहेबांच्या १९४८ च्या भूमिकेशीही जुळतं.

हे व्यवहारात शक्य नाही असं कोणी सांगू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागली की याच जिल्ह्यात परवानाधारकांची शस्त्रं छाननी करून पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. मतपेटीसाठी जे जमतं ते वस्तीसाठी का जमू नये?

आणि विचारायचं कोणाला, तेही ठरलेलं आहे. त्याच १९९५ च्या नियमांतला सतरावा नियम जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती नेमतो. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. म्हणजे जो अधिकारी बंदुकीच्या परवान्यावर सही करतो, तोच अत्याचाराच्या समितीच्या खुर्चीत बसतो. दोन फायली एकाच टेबलावर आहेत, त्या एकत्र उघडल्या जात नाहीत एवढंच. समितीवर आपले अशासकीय सदस्यही असतात. नुकसानभरपाईचे आकडे वाचून आणि चहा घेऊन ते परत येतात, हे कटू आहे पण बोललं पाहिजे.

पुढच्या बैठकीत त्यांनी लेखी विचारावं: जिल्ह्यातली अत्याचारप्रवण गावं कोणती ठरवली आहेत? त्या गावांत शस्त्रपरवाने किती? ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र दाखल झालेल्या किती जणांकडे परवाना आहे, आणि तिसऱ्या नियमाखाली १९९५ पासून आजवर किती परवाने रद्द झाले? सदस्य विचारणार नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळतील. तालुकावार संख्या मागा, ती नाकारता येत नाही. ज्या कोणा आपल्या माणसाचा परवान्याचा अर्ज नाकारला गेला असेल त्याने कलम १४ खाली नकाराची कारणं लेखी मागावीत आणि नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील करावं. परवाना मिळो न मिळो, पोलीस अहवालात आपल्याबद्दल काय लिहिलं जातं ते एकदा कागदावर यायला हवं. राहाता तालुक्यापुरता अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी घेऊन जावा आणि आपापल्या तालुक्याचं नाव घालावं.